सर्दीच्या आठवड्यात वही शिवणे आणि मोडी गिरवणे

साधी सर्दी औषधाने जात नाही, ती आपली मुदत पुरी करूनच जाते. तिच्यामागे दोनशेहून अधिक विषाणूंपैकी कोणताही एक असू शकतो, त्यांत ऱ्हायनोव्हायरस हा गट सर्वांत जास्त वेळा आढळतो, आणि प्रतिजैविकांचा यांपैकी कशावरही परिणाम होत नाही. घसा खवखवण्याने सुरुवात होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक, डोळे आणि डोके यांचा त्रास सर्वांत अधिक असतो, चौथ्या-पाचव्या दिवसापासून डोके हलके होऊ लागते आणि सात ते दहा दिवसांत माणूस बहुतेक पूर्ववत होतो. खोकला मात्र त्यानंतरही दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. घरात काढायच्या आठवड्याची आखणी या चढ-उताराला धरून करावी, म्हणजे डोके जड असेल तेव्हा हाताला काम द्यावे आणि डोके मोकळे झाले की अभ्यासाला बसावे. पुष्कळ जण नेमके उलट करतात. रजा मिळाली म्हणून पहिल्याच दिवशी पुस्तक उघडतात, तेच पान चारदा वाचतात, आणि चौथ्या दिवशी, खरी उमेद येते तेव्हा, अभ्यासाला कंटाळून मोबाइल हातात घेऊन पडतात.

पुढे दिलेली आखणी एका विशिष्ट त्रयीची आहे: गोधडीच्या टाक्यांचा एक रुमाल, त्यात बांधून ठेवायची हाताने शिवलेली एक वही, आणि त्या वहीत करायचा मोडीचा, म्हणजे जुने मराठी कागद ज्या धावत्या लिपीत लिहिले जात तिचा, पहिला सराव. या तिन्हींना लागणारे बहुतेक सामान घरात सापडते आणि बाजारात जावे लागत नाही, हे एक कारण. मोडीचा सुरुवातीचा अभ्यास डोळ्यांपेक्षा हाताचा अधिक असल्यामुळे आजारातून उठणाऱ्या माणसाला तो पेलतो, हे दुसरे. शिवाय या लिपीचे वाचक आजही कमी पडतात. २०२३ पासून राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तालुक्याच्या कचेऱ्यांतली जुनी दप्तरे उघडली गेली आणि ती वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले, हे अनेकांना आठवत असेल.

आधी प्रकृतीचे

पहिले दीड-दोन दिवस काहीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. झोपावे, कोमट पाणी पीत राहावे, भूक असेल तसे मऊ खावे. मेतकूट-भात, मुगाची खिचडी, कुळथाचे पिठले, तांदळाची पेज, टोमॅटोचे किंवा आमसुलाचे सार यांपैकी जे घरात सहज होईल ते चालते. गवती चहा, आले आणि तुळस घातलेला काढा घशाला बरा वाटतो. तो रोग घालवत नाही, पण आराम देतो, आणि या आठवड्यात तेवढेच हवे असते. पेलाभर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून दोन-तीनदा गुळण्या कराव्यात. खोकल्यावर मध उपयोगी पडतो, मात्र एक वर्षाच्या आतील बाळाला तो कधीही देऊ नये. वाफारा घ्यायचा असल्यास पातेले मांडीवर किंवा पलंगावर ठेवू नये. ते जमिनीवर किंवा भक्कम टेबलावर ठेवावे आणि लहान मुलांना खोलीबाहेर ठेवावे, कारण उकळते पाणी सांडून भाजण्याचा धोका वाफेच्या फायद्यापेक्षा मोठा आहे.

औषधांच्या बाबतीत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते. त्यामुळे तापासाठी वेगळी गोळी घेण्यापूर्वी पाकिटावरील घटक वाचावेत, आणि प्रौढ माणसाच्या पोटात चोवीस तासांत सगळे मिळून ४ ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल जाऊ देऊ नये. यकृताचा विकार असेल किंवा मद्यपान असेल, तर ही मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. नाक मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांच्या वर वापरले, तर ते सोडताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते. आणि क्लोरफेनिरामाइनसारखे जुने ॲलर्जीविरोधी औषध असलेल्या गोळ्यांनी झोप येते. अशी गोळी चालू असेल तर तिची मुख्य मात्रा रात्री यावी अशी व्यवस्था डॉक्टरांना विचारून करावी, आणि ती घेतल्यानंतर कटर, मोठी कात्री किंवा दाभण हाती घेऊ नये.

तीन दिवसांहून अधिक टिकणारा ताप, धाप लागणे, छातीत दुखणे, किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा एकाएकी ताप चढणे ही डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे आहेत. पावसाळ्यात नाक न गळता एकदम जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणे आणि अंग मोडून येणे असे झाले, तर त्याला सर्दी म्हणून घरी बसू नये. डेंग्यूची शंका घेऊन तपासून घ्यावे. दमा असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि वृद्धांनी एवढी वाटही पाहू नये.

डोके जड असताना: रुमाल

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किंवा तिसऱ्या दिवशी पडून पडून कंटाळा येतो, पण विचार करवत नाही. धावदोऱ्याचे काम या वेळेसाठीच आहे. जुन्या दप्तरखान्यांत कागद कापडी रुमालांत बांधून ठेवत असत, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर अशा हजारो रुमालांचे आहे. आपला रुमाल दोन थरांचा आणि ६० सेंटिमीटर चौरस असावा, म्हणजे त्यात वही, काही सुटे कागद आणि लेखण्या सहज बांधता येतील.

कापड जुने, मऊ आणि सुती घ्यावे: धोतर, विटलेले नऊवारी लुगडे किंवा अनेकदा धुतलेली चादर. नवे कापड सुईला जड जाते आणि धुतल्यावर आटते. ट्रंकेतून काढलेल्या कापडाला डांबरगोळ्यांचा वास आणि धूळ असते, आणि तीच शिंकांची उबळ वाढवते. म्हणून ते घरातल्या दुसऱ्या कोणाकडून बाहेर झटकून, धुऊन, उन्हात वाळवून घ्यावे. दोन्ही तुकडे ६३ सेंटिमीटर चौरस कापावेत, चारी कडा दीड-दीड सेंटिमीटर आत दुमडून दुमड एकमेकींसमोर येईल असे थर एकावर एक ठेवावेत, आणि मधून कोपऱ्यांकडे हाताने सारखे करत मोठे कच्चे टाके घालावेत. कच्च्या टाक्यांचा आळस केला, तर खालचा थर सरकतो आणि शेवटी मध्यावर चुणी पडते, जी पुढे कशानेही जात नाही.

शिवण कडेपासून सुरू करून चौकोनातून चौकोन काढत आत जावे. ओळींमध्ये २ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एकंदर पंधरा फेऱ्या होतात आणि टाक्यांची लांबी जवळजवळ १९ मीटर भरते. हा आकडा पाहून घाबरू नये, पण एका बैठकीत संपवण्याच्या मागेही लागू नये. पहिल्या दिवशी बाहेरच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या तरी पुष्कळ झाले, कारण त्याच सर्वांत लांब असतात. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा वारंवार सुई ओवण्याचा त्रास वाचवतो असे वाटते, पण त्याला पीळ पडून गाठी होतात आणि पाणावलेल्या डोळ्यांनी त्या सोडवणे जिकिरीचे ठरते. सुई मोठ्या नेढ्याची असावी. तिच्यावर एका वेळी चार-पाच टाके भरून मग ती ओढावी. टाका वरून तांदळाच्या दाण्याएवढा दिसावा, आणि खालच्या बाजूस तेवढाच पडतो आहे ना, हे मधूनमधून कापड उलटून पाहावे. गाठ दोन थरांच्या मध्ये सरकवून लपवावी.

एक सावधगिरी सर्दीसाठी खास सांगितली पाहिजे. शिवताना सुई किंवा टाचणी ओठांत धरण्याची सवय अनेकांना असते. शिंक सांगून येत नाही, आणि तिच्याआधी माणूस खोल श्वास आत घेतो; तेव्हा या आठवड्यात तोंडात काहीही धरायचे नाही, सुई टोचण्यासाठी कापडी गादी जवळ ठेवायची आणि शिंकायचे ते कोपराच्या खळगीत. नाक पुसायचे रुमाल शिवणाच्या टोपलीपासून दूर, वेगळ्या पिशवीत असावेत. प्रकाश उजव्या हाताने शिवणाऱ्याला डावीकडून यावा.

वही

वहीचे काम तासाभराचे आहे, पण त्यात मोजमाप आणि टोकदार हत्यार असल्यामुळे ते चौथ्या दिवसापर्यंत, म्हणजे हात स्थिर होईपर्यंत राखून ठेवावे. ए-फोर आकाराचे आठ कोरे कागद एकत्र घेऊन मधोमध दुमडावेत, म्हणजे बत्तीस पृष्ठांची एक घडी होते. मुखपृष्ठासाठी गेल्या वर्षीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे जाड पान उत्तम, छापील बाजू आत घ्यावी. घडीची उंची २१ सेंटिमीटर भरते. तिच्या दुमडीवर वरून २.५, ६.५, १०.५, १४.५ आणि १८.५ सेंटिमीटरवर पेन्सिलीने खुणा करून, खाली जुने वर्तमानपत्र किंवा जाड पुठ्ठा ठेवून, दाभणाने पाच भोके पाडावीत.

साठ सेंटिमीटर जाड दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्यावा. मेण लागले की तो निसटत नाही. भोकांना वरून खाली एक ते पाच असे क्रम दिले, तर सुई आतल्या बाजूने तिसऱ्या भोकातून बाहेर काढावी आणि दोऱ्याचे टोक बोटभर आत राहू द्यावे. बाहेरून दुसऱ्यातून आत, आतून पहिल्यातून बाहेर, मग बाहेरून पुन्हा दुसऱ्यातून आत यावे. आता आतल्या आत तिसरे भोक ओलांडून चौथ्यातून बाहेर पडावे, पाचव्यातून आत, पुन्हा चौथ्यातून बाहेर, आणि शेवटी तिसऱ्यातून आत यावे. दोऱ्याची दोन्ही टोके आता आत, मधल्या भोकाशी आलेली असतात, आणि त्यांच्यामध्ये दुसऱ्या भोकापासून चौथ्यापर्यंत गेलेला लांब दोरा असतो. एक टोक त्याच्या डावीकडे आणि एक उजवीकडे घेऊन, त्या दोऱ्यावरून घट्ट दुहेरी गाठ मारावी. दोरा ओढताना तो नेहमी दुमडीच्या दिशेने ओढावा. आडवा ओढला की कागद भोकापाशी फाटतो.

डोके मोकळे झाल्यावर: मोडी

मोडीची जी वैशिष्ट्ये आरंभी ठाऊक असावीत ती थोडी आहेत. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. लेखणी शक्य तितकी कमी उचलली जाते, म्हणून अक्षरे गोलाईची आणि एकमेकांना लगटून असतात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हे नसतात, आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. या लिपीचा उगम परंपरेने यादवांचा प्रधान हेमाद्री याच्याशी जोडला जातो. व्यवहारात ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन वळणांत पुष्कळ फरक आहे. नवख्याने आंग्लकालीन वळणापासून सुरुवात करावी, कारण ते त्यातल्या त्यात सुटे आणि ठसठशीत असते. युनिकोडमध्ये मोडीचा समावेश २०१४ साली झाला आणि नोटो सॅन्स मोडीसारखे टंकही फुकट मिळतात, पण टंकावर विसंबून लिपी शिकू नये. टंकातले अक्षर सुटे, उभे आणि प्रत्येक वेळी सारखे असते, हस्तलिखितातले कधीच नसते. शिकायला हाताने लिहिलेला तक्ता घ्यावा आणि त्याची मोठ्या आकारात छापील प्रत काढावी.

बैठक वीस मिनिटांची असावी आणि दोन बैठकांमध्ये किमान तासभर विश्रांती. पहिल्या बैठकीत मुळाक्षरांचे तीन ढीग करावेत: देवनागरीशी मिळतीजुळती, अगदी वेगळी, आणि फसवी, म्हणजे जी देवनागरीतल्या दुसऱ्याच अक्षरासारखी भासतात. पहिला ढीग एका बैठकीत संपतो. दुसऱ्याला दोन लागतात. खरा वेळ तिसऱ्याला द्यावा, आणि त्यातली अक्षरे जोड्या लावून शेजारी शेजारी लिहावीत, कारण चूक नेहमी त्या जोडीतच होते. अक्षर गिरवताना त्याचा उच्चार करावा. घसा बसला असेल तर ओठांतल्या ओठांत. तक्ता समोर ठेवून पानेच्या पाने उतरवण्यापेक्षा तक्ता पालथा घालून आठवून लिहावे, अडेल तेथे रिकामी जागा सोडावी आणि मग ताडून पाहावे. या पद्धतीत चुका जास्त दिसतात म्हणून ती नकोशी वाटते, परंतु अक्षर पक्के बसते ते याच पद्धतीने.

दुसऱ्या दिवशी बाराखडीला हात घालावा. येथे काना हाच मुख्य विषय आहे. देवनागरीत आपण अक्षर पुरे करून शेजारी वरून खाली काना ओढतो. मोडीत मात्र हात बहुतेक वेळा अक्षराच्या खालच्या टोकापासून वर शिरोरेघेकडे जातो, आणि काही अक्षरांचे रूप काना लागताच बदलते. म्हणून ‘का’पासून ‘ज्ञा’पर्यंतची काना लागलेली अक्षरे वेगळ्या पानावर, नवीन मुळाक्षरे मानूनच, गिरवावीत. वेलांट्या, मात्रा यांत फारसे अडत नाही. सरावासाठी आधी घरातल्यांची नावे, मग गावांची, मग रोजच्या बाजाराची यादी मोडीत लिहावी. आणि सगळ्यांत उपयोगाचा धडा म्हणजे आज लिहिलेले उद्या सकाळी, मूळ मजकूर न आठवता, वाचून दाखवणे. सर्दीत बोरू आणि दौत वापरण्याचा मोह टाळावा. शाई अंथरुणावर सांडते, आणि शिंकेने पान जाते ते वेगळेच. मऊ पेन्सिल पुरेशी आहे.

सालाचे गणित

अक्षरांचा कंटाळा आला की कालगणना घ्यावी, कारण ती कोड्यासारखी आहे आणि पडल्या पडल्या करता येते. पेशवाईतल्या कागदांवर बहुधा शुहूर सन असतो, आणि तो आकड्यांत न लिहिता अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो. एकपासून नऊपर्यंत इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, दहाला अशर, पुढे वीस ते नव्वद अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन, शंभराला मया, दोनशेला मयातैन आणि हजाराला अलफ. लिहिताना आधी एकक, मग दशक, मग शतक आणि शेवटी हजार येतो. म्हणजे ‘इहिदे सितैन मया व अलफ’ याची बेरीज एक अधिक साठ अधिक शंभर अधिक हजार, अर्थात ११६१.

हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा सुरू होते. म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेला ६०० मिळवावे लागतात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, आणि ११६१ मध्ये ६०० मिळवले की तोच आकडा येतो. उलटा सरावही करून पाहावा. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारले. १७७२ मधून ५९९ वजा केले की ११७३ उरतात, म्हणून त्या महिन्यातल्या कागदावर ‘सलास सबैन मया व अलफ’ असे असायला हवे. नारायणरावाचा खून ऑगस्ट १७७३ मधला. त्याचे साल वाचकाने स्वतः शब्दांत लिहावे. तारखेच्या आधी ‘छ’ दिसले तर ते चंद्राचे, म्हणजे मुसलमानी महिन्यातल्या दिवसाचे दर्शक समजावे. पोस्टकार्डाचे तुकडे करून एका बाजूस अरबी शब्द आणि दुसऱ्या बाजूस आकडा लिहिला, की पत्ते तयार होतात. घरातली मुले असतील तर ती आपल्याआधी पाठ करतात. जमाखर्चाच्या कागदांसाठी आणखी थोडे लागते: चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी, आणि पाव, अर्धा, पाऊण यांसाठी अनुक्रमे एक, दोन आणि तीन उभ्या रेघा.

आठवड्याच्या अखेरीस मुळाक्षरे, बाराखडी आणि सालाचे गणित एवढे पदरात पडले, तर अभ्यास चांगला झाला असे समजावे. अस्सल कागद सलग वाचण्यासाठी काही महिन्यांचा सराव आणि जाणत्याची सोबत लागते. रुमालाच्या उरलेल्या फेऱ्या दुपारच्या सुस्तीत पुऱ्या कराव्यात, कच्चे टाके उसवावेत, आणि तो गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवल्यावरच वहीला गुंडाळावा.

घरात आजोबा-पणजोबांचे खरेदीखत किंवा फेरफाराची जुनी नक्कल असेल, तर ती पाहण्याची उत्सुकता याच सुमारास अनावर होते. नाक गळत असेपर्यंत तिला हात लावू नये. ओलाव्याने जुनी शाई फुटते. पुरते बरे झाल्यावर, हात धुऊन आणि कोरडे करून, कागद सपाट पृष्ठभागावर ठेवून खिडकीच्या उजेडात त्याचे छायाचित्र काढावे आणि पुढचे सगळे वाचन त्या छायाचित्रावरून करावे. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये; घडी मोडत असेल तर तो कागद न उलगडता तसाच स्वच्छ सुती कापडात ठेवून जाणकाराला दाखवावा.